संयुक्त मानापमान : पात्रयोजना, तिकिटाचे दर व प्रेक्षकांची साक्ष

शके १८४३ च्या आषाढाच्या आरंभी, इ. स. १९२१ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस, शुक्रवारी, मुंबईस ग्रँट रोडवरील बालीवाला ग्रँड थिएटरात ‘मानापमान’ नाटकाचा जो प्रयोग झाला तो ‘संयुक्त मानापमान’ या नावाने महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. गंधर्व नाटक मंडळीचे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी भामिनीची आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांनी धैर्यधराची भूमिका केली. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेले. आणि वरच्या जागेच्या तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला. या गोष्टींविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या रात्री दोघांत सरस कोण ठरला याविषयी, आणि तो शंभर वर्षे लोटली तरी मिटलेला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या वादाचा निकाल लावण्याचा नव्हे. ज्यांच्या साक्षीवर हा निकाल मागितला जातो ते साक्षीदार कोण होते, व त्यांची निवड कोणत्या निकषाने झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे. नाट्यरसिक पात्रयोजनेचा वाद निराळा व तिकिटाच्या दराचा वाद निराळा असे समजून बोलतात. परंतु या प्रयोगापुरते तरी हे दोन्ही वाद मुळात एकच आहेत असे मला वाटते.

प्रथम नाटकाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईस प्रथम रंगभूमीवर आणले. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, आणि पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी रंगभूमीस त्यांनी येथे प्रथम भरघोस दिला. भामिनी बालगंधर्वांची, लक्ष्मीधर गणपतराव बोडसांचा व धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. परंतु जोगळेकर त्याच वर्षी वारले. पुढे १९१३ साली बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा धैर्यधराची भूमिका स्वतः टेंब्यांनी केली. १९१५ साली तेही बाहेर पडले. तात्पर्य, भामिनीची गादी पहिल्या दिवसापासून एकाच्या हाती राहिली आणि धैर्यधराची गादी वारंवार रिकामी पडत गेली. नाटकाच्या संहितेत धैर्यधर हा नायक आहे, वीर आहे, त्याच्या वाट्याची पदेही भारदस्त आहेत. पण प्रयोगात तो दशकभर भामिनीच्या पाठीमागे उभा राहिला. १९२१ सालच्या पात्रयोजनेचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे.

केशवराव भोसले हे कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. स्वदेशहितचिंतक मंडळीत बालवयात देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने ते प्रसिद्धीस आले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस त्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापिली, त्या वेळी त्यांचे वय अठराही पुरे नव्हते. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांस लाभली. आवाज उंच, तान वेगवान व दाणेदार. स्त्रीभूमिकांत नाव मिळवूनही ते पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. बालगंधर्व त्यांच्याहून दोन वर्षांनी वडील. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शिरल्यापासून त्यांनी स्त्रीभूमिकेस जे रूप दिले ते महाराष्ट्रातील घराघरांत वेषभूषेच्या रूपाने पोहोचले होते. भरतमुनींनी भूमिकांचे प्रकार सांगताना पुरुषाने स्त्रीचे रूप धारण करून केलेली भूमिका हा स्वतंत्र प्रकार गणला आहे. अपवाद किंवा नाइलाज म्हणून नव्हे, तर स्वतःचे नियम असलेली कला म्हणून. दोघेही या कलेत वाढलेले, आणि एकाने ती सोडलेली. सबब दोघे समोरासमोर आले तेव्हा दोन आवाजांची तुलना तर झालीच, शिवाय मराठी नटाने यापुढे कोणत्या वाटेने जावे याचीही तुलना प्रेक्षकांच्या मनात झाली असली पाहिजे.

रसिकांचे पक्ष दोन. गंधर्वपक्षाचे म्हणणे असे की, भामिनी हीच ‘मानापमान’ नाटकाचा प्राण. चाली ज्या गळ्यासाठी बसविल्या तो गळा हयात आहे. धैर्यधर कोणीही असो, नाटक उभे राहते हे दहा वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाले. केशवरावपक्षाचा उत्तरपक्ष याहून सूक्ष्म आहे. नाटक उभे राहते हे खरे, पण ते खाडिलकरांनी लिहिलेले नाटक नव्हे. श्रीमंत बापाची मुलगी भामिनी ही दरिद्री सेनापतीस तुच्छ लेखते, त्याचा अपमान करते, आणि शेवटी साधा वेष घेऊन वनमाला या नावाने वावरत असता त्याच्या शौर्यावर लुब्ध होते, अशी कथा आहे. धैर्यधर रंगभूमीवर तुल्यबळ नसेल तर अपमान कोणाचा झाला आणि मान कोणास मिळाला हेच प्रेक्षकास कळत नाही. या उत्तरपक्षात मला तथ्य दिसते. नायक दुबळा आणि नायिका लोकप्रिय अशा प्रयोगात नाटकाचे नावच निरर्थक होते.

एक तिसरा, लहानसा पक्षही ध्यानात घेतला पाहिजे. जोगळेकरांच्या धैर्यधराची आठवण जपणारी मंडळी १९२१ साली मुंबई-पुण्यात अर्थातच होती. ती या भांडणात कोणाच्याच बाजूची नसणार. अशा लोकांची साक्ष इतिहासकारास सर्वांत उपयोगी. आणि नेहमी तीच हरवते. असो.

आता दराकडे वळू. ज्या दिवशी प्रयोग झाला त्या दिवशी नाटक दहा वर्षांचे जुने होते. पदे लोकांस तोंडपाठ होती. नवे नाटक पाहण्याची उत्सुकता हे काही शंभर रुपयांचे कारण होऊ शकत नाही. तिकीट विकले गेले ते ‘मानापमान’ नाटकाचे नव्हे. दोन नावे एका रंगपटावर येण्याच्या योगाचे विकले गेले. अर्थात पात्रयोजना हीच वस्तू व दर हे तिचेच मोल. म्हणूनच मी वर म्हटले की, दोन वाद नसून एकच वाद आहे. जो म्हणतो ‘केशवरावांस धैर्यधर दिला हे योग्यच झाले’, तो नकळत शंभराचा दरही मान्य करतो; आणि जो म्हणतो ‘दर अन्यायाचा होता’, त्यास ‘तर मग हा योग घडवू नये होता काय?’ या प्रश्नास तोंड द्यावे लागते.

पण हे मोल होते की दान होते? मीमांसकांनी यज्ञातील दक्षिणेविषयी हाच प्रश्न उपस्थित केला आहे. यजमान ऋत्विजांस गायी देतो ते दान काय? मीमांसक सांगतात, नव्हे. तो परिक्रय होय, कर्म करवून घेण्यासाठी दिलेले वेतन होय. बाह्य रूप दानाचे असले तरी त्याच्या बदल्यात काही मिळते. ८ जुलै १९२१ च्या तिकिटात हे दोन्ही धर्म मिसळलेले आहेत. टिळक स्वराज्य फंडाचा ठराव बेझवाडा येथे १९२१ च्या मार्चअखेरीस झाला, आणि ३० जूनपर्यंत एक कोट रुपये जमविण्याची मुदत ठरली. प्रयोग झाला तो ही मुदत उलटून गेल्यावर आठव्या दिवशी. म्हणजे संकल्प पुरा करण्याची धावपळ या प्रयोगामागे नव्हती. लोकमान्यांवरील भक्ती होती. बालगंधर्व हे नाव त्यांच्याच तोंडून निघालेले, आणि खाडिलकर ‘केसरी’त त्यांचे सहकारी. शंभर रुपये देणाराने ते लोकमान्यांच्या नावे दिले, हे खरे; पण त्या बदल्यात तो खुर्चीवर बसून गाणे ऐकून गेला, हेही खरे. निर्भेळ दान केले ते मला दिसते दोन मंडळ्यांनी. १९२० साली ‘द्रौपदी’च्या नेपथ्यावर केलेल्या अफाट खर्चाने गंधर्व मंडळी तेव्हा कर्जात होती, आणि तरीही तिने आपल्या हाती असलेले सर्वांत खात्रीचे नाटक फंडाच्या स्वाधीन केले. याचा उच्चार शंभराच्या आकड्याइतका होत नाही.

शंभर रुपये म्हणजे काय, हे आजच्या वाचकास सांगितले पाहिजे. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै निघाले. नवराबायको व मिळविती मुले मिळून हे उत्पन्न. म्हणजे एका वरच्या तिकिटाच्या दरात गिरणगावातील कुटुंबाचा सुमारे दोन महिन्यांचा संसार चालत होता. आणि गिरणगाव म्हणजे नाटकाविषयी उदासीन लोकांची वस्ती नव्हे. कोकणातून दशावतार पाहून आलेला व घाटावरून तमाशा पाहून आलेला हाच तो वर्ग. शंभराची खुर्ची त्याच्यासाठी नव्हती हे उघड आहे. आणि ज्या रात्री जागा मोजक्या व मागणी अमर्याद, त्या रात्री खालच्या जागाही त्याच्या आवाक्यात राहिल्या असतील असे मानणे सयुक्तिक नाही.

दर व पात्रयोजना या दोहोंवरून प्रेक्षक बिथरल्याचे एक परदेशीय उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. लंडन येथील कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह २० सप्टेंबर १८०८ रोजी जळाले. ते वर्षभरात पुन्हा बांधून १८ सप्टेंबर १८०९ रोजी ‘मॅकबेथ’ नाटकाने उघडले. चालक जॉन फिलिप केंबल हाच नायक, व त्याची बहीण सेरा सिडन्स ही लेडी मॅकबेथ. बांधकामाचा खर्च भरून काढण्यासाठी पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार व बॉक्सचा सहांवरून सात शिलिंग केला. वरचा एक मजला धनिकांच्या खासगी बॉक्सांसाठी राखला. शिवाय कातालानी नामक इटालियन गायिकेस जबर वेतनावर करारबद्ध केले. पडदा वर गेला आणि पिटातून ‘जुने दर’ अशी जी आरोळी उठली तीत केंबलचा एक शब्द ऐकू आला नाही. प्रेक्षक रंगभूमीकडे पाठ करून उभे राहू लागले, फलक आणू लागले, फळ्यांवर पाय आपटून नाचू लागले. हिशेब तपासण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरासह प्रतिष्ठितांची समिती नेमली गेली, तिने चालकांस फारसा नफा नसल्याचा निर्वाळा दिला. कोणी ऐकले नाही. भाडोत्री मुष्टियोद्धे पिटात आणून बसविले, त्याने आग अधिकच भडकली. हा गोंधळ सदुसष्ट रात्री चालला. कातालानीचा करार सोडावा लागला, आणि डिसेंबरात केंबलने पिटाचा जुना दर कबूल करून खासगी बॉक्स कमी केले. बॉक्सचे सात शिलिंग मात्र कायम राहिले. म्हणजे पिटाने आपल्यापुरते मिळविले व श्रीमंतांचे ओझे श्रीमंतांवर राहू दिले. यात मला मोठा शहाणपणा दिसतो.

लंडनच्या पिटाचा दर सहा पेन्सांनी वाढला तर तीन महिने दंगा. मुंबईत दर कित्येक पटींनी चढला आणि एक खुर्ची मोडली नाही. आमचा प्रेक्षक सोशिक म्हणून असे झाले, असे कोणी म्हणतील. ते बरोबर नाही. मराठी पिट सोशिक असल्याची कीर्ती कोणत्याही नाटक मंडळीने ऐकलेली नाही. कारण दुसरे आहे. केंबलने दर कायमचे वाढविले होते, व ते स्वतःच्या तिजोरीसाठी. येथे दर एका रात्रीचा, व तो लोकमान्यांच्या नावे. दानाच्या आवरणाखाली मोल झाकले गेले, आणि दानाविरुद्ध तक्रार करणे आपल्याकडे अशिष्ट समजतात. त्यामुळे लंडनच्या पिटाने जे बोलून दाखविले ते मुंबईच्या पिटाने मनात ठेवले. आणि मनात ठेवलेल्या गोष्टीचा कागद होत नाही.

येथे साक्षीचा प्रश्न येतो. दोन नटांत किंवा दोन मंडळ्यांत द्रव्यासाठी वा पताकेसाठी चढाओढ लागली असता निर्णय कसा करावा, हे भरताने नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात सांगितले आहे. निर्णय करणारांस तेथे प्राश्निक अशी संज्ञा आहे. ते दहा : यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा जाणकार, व्याकरणज्ञ, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक व राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते मत द्यावयाचे. गुणदोषांची नोंद गणकाने व लेखकाने ठेवावयाची. दोघे सारखे उतरल्यास उभयतांस पताका देण्याचीही सोय आहे. प्राश्निकांची बैठक रंगापासून बारा हातांवर असावी, फार जवळ नको, फार दूरही नको, असेही सांगितले आहे. म्हणजे भरताच्या प्रेक्षागृहात जागा ठरते ती नीट पाहता यावे या हिशेबाने, आणि बसणारा ठरतो तो ज्ञानाने. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास व हरदत्त यांच्या कलहात परिव्राजिकेस निर्णायक म्हणून बसविले ते याच परंपरेस धरून. तेथील विनोद असा की, चढाओढ हे निमित्त आहे आणि राजास मालविका पाहावयाची आहे. तथापि निमित्तासाठी का होईना, परीक्षक लायक निवडला गेला.

मराठी संगीत रंगभूमीवर प्राश्निकाचे काम किर्लोस्करांच्या काळापासून पिट करीत आले. ‘वन्समोअर’ हा त्याचा निकाल. तो शास्त्रशुद्ध नसेल, पुष्कळदा उच्छृंखलही असेल. पण तो देणारा माणूस तेच पद त्याच नटाच्या तोंडून वीस-पंचवीस वेळा ऐकलेला असे, आणि आज षड्ज हलला की नाही हे त्यास कळत असे. ८ जुलैच्या रात्री हा परीक्षक बव्हंशी बाहेर राहिला. आत बसले ते व्यापारी, वकील, संस्थानिकांच्या परिवारातील मंडळी, देशभक्त, व स्वतः नाटकी व्यवसायातील लोक. त्यांत जाणकार नव्हते असे मुळीच नाही. पण त्यांची निवड जाणकारीने झाली नव्हती, ऐपतीने किंवा ओळखीने झाली होती. आणि ‘कोण जिंकला’ याविषयी जी परंपरा पुढे वाहत आली तिचे उगमस्थान हेच अल्पसंख्य लोक होत. बाकी सर्व ऐकीव. प्रस्तुत लेखकाने बालपणी या प्रयोगाचे रसभरित वर्णन तीन वृद्धांकडून ऐकले. एक कट्टर गंधर्वपक्षीय, दोघे केशवरावांचे. तिघांनाही कोणत्या पदास किती वन्समोअर मिळाले हे ठाऊक होते. तिघांपैकी एकही त्या रात्री नाट्यगृहात नव्हता.

लिखित साधने आहेत ती बहुतांशी उत्तरकालीन. बोडसांची ‘माझी भूमिका’ १९४० साली प्रसिद्ध झाली, टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ १९४८ साली. मामा वरेरकरांचा ‘माझा नाटकी संसार’ १९४१ पासून भागशः निघत गेला. ही सर्व पुस्तके अमोल आहेत. पण काळाची वीस-पंचवीस वर्षे मध्ये लोटल्यावर व्यवसायातील माणसाने व्यवसायातील माणसांविषयी लिहिलेल्या स्मृती, या दृष्टीनेच ती वाचली पाहिजेत. चालू प्रयोग ध्वनिमुद्रित करण्याचे साधन तेव्हा नव्हतेच. शिवाय एक प्रबळ कारण असे की, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, प्रयोगानंतर ८८ व्या दिवशी, केशवराव वारले; वय अवघे एकतीस. बालगंधर्व त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगले व १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले. ज्याने पुन्हा उभे राहून गावयाचे तोच गेल्यामुळे निकाल तेथेच गोठला. मृताविषयी आदराने एक पक्ष त्यास विजयी ठरवितो, आणि हयात राहिलेल्याची उतरती वर्षे पाहून दुसरा पक्ष अधिकच आग्रही होतो. या दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत, पण त्यांस पुरावा म्हणता येत नाही.

शेवटी एक विसंगती नोंदविल्यावाचून राहवत नाही. ‘मानापमान’ नाटकात लक्ष्मीधर हा संपत्तीच्या जोरावर पुढे बसणारा व प्रसंग पडताच पळणारा, आणि धैर्यधर हा रिकाम्या हाताचा पण मानी. खाडिलकरांनी नावेच अशी योजिली की अर्थ सांगण्याची गरज पडू नये. या नाटकाचा सर्वांत गाजलेला प्रयोग असा झाला की, त्यात लक्ष्मीधर पुढच्या खुर्च्यांवर होते व धैर्यधर ग्रँट रोडच्या पदपथावर, आषाढाच्या पावसात. खाडिलकरांच्या ध्यानी हे आले नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी नाटक दिले ते लोकमान्यांच्या नावासाठी, हे समजून घेतले की रोष राहत नाही. पण विसंगती राहतेच.

या प्रयोगाची समकालीन साधने अद्यापि खासगी संग्रहांत मिळण्याचा संभव आहे. मुंबई व पुणे येथील जुन्या घरांत नाटकांची हँडबिले, तिकिटांचे अर्धे तुकडे, फंडाच्या पावत्या व त्या आठवड्यातील घरगुती पत्रे बांधून ठेवलेली पुष्कळदा आढळतात. हँडबिलावर सर्व वर्गांचे दर छापलेले असत, त्यावरून खालच्या जागांचा प्रश्न एका क्षणात सुटेल. आणि पत्रे सापडल्यास तिकीट न मिळालेल्या माणसाचे म्हणणेही प्रथमच कागदावर दिसेल. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी मूळ कागद हातचा न सोडता त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरात पाठवावी, आणि पाठविताना तो कागद घरात कोणाकडून आला हेही लिहावे.